लूट घोलेनमध्ये जांभया देणाऱ्या पोराला

परवा कँटीनमध्ये तू विचारलंस तेव्हा मी ‘लिहून कळवतो’ म्हणालो आणि तू हसलास. पण चहा संपायच्या आत उरकेल असा तो विषय नव्हता, म्हणून खरंच लिहितोय. आणखी कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी तुझा प्रश्न आधी मांडतो. राक्षस मारत लूट गोळा करायचा ‘डायब्लो ३’ हा गेम दीडशे तास खेळून झाला, विझार्ड (जादूगार) हे पात्र घेऊन, मजा आली. जो तो म्हणतो खरा गेम ‘डायब्लो २’च. म्हणून सेलमध्ये ‘डायब्लो २: रिझरेक्टेड’ घेतला, सॉर्सरेस म्हणजे जादूगारीण उचलली, पहिला ॲक्ट (अंक) संपवून दुसऱ्या ॲक्टच्या गावाला, लूट घोलेनला पोचलो आणि आता जांभया येतायत. माझं काही चुकतंय, की तुम्ही जुनी मंडळी उगाच गोडवे गाता?

गोडवे आम्ही गातोच. पण चुकीच्या गोष्टीचे गातो, आणि त्यामुळे तू चुकीच्या ठिकाणी मजा शोधतोयस.

२००१ ते २००४ मी संध्याकाळचा दादर पश्चिमेला एका सायबर कॅफेच्या काउंटरवर बसायचो. दहा मशिनं, त्यातली आठ चालू. पुढची सोळा वर्षं मोबाइल गेमांच्या कंपन्यांत एकच काम केलं: कुठल्या पेटीतून काय निघावं, किती वेळाने निघावं आणि निघालेल्या वस्तूचं पुढे काय व्हावं याचे तक्ते बनवणं. त्यामुळे मला गेममध्ये ढाल-तलवार कमी दिसते, ड्रॉपचं गणित जास्त दिसतं. हा दोष धरूनच पुढचं वाच.

‘डायब्लो २’ जून २००० चा. ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ हे त्याचं एक्स्पान्शन, म्हणजे पुरवणी-भाग, बरोबर वर्षाने आलं. ‘डायब्लो ३’ मे २०१२ चा. मधल्या बारा वर्षांत एक गोष्ट घडली जी तुझ्या वयाच्या पोरांना माहीत नसते: पहिले दोन्ही भाग बनवणारा, ब्लिझर्ड कंपनीचा ब्लिझर्ड नॉर्थ हा स्टुडिओ २००५ मध्ये बंद झाला. म्हणजे तिसरा भाग हा त्याच आचाऱ्याचा पुढचा पदार्थ नव्हे. पाटी तीच, भटारखाना वेगळा. हे लक्षात घेतलं की ‘यांनी असं का बदललं’ हा अर्धा वैताग कमी होतो.

तू खेळतोयस तो ‘रिझरेक्टेड’ २०२१ चा, पण तो नवा गेम नाही. जुन्या गेमवर नवं कातडं चढवलंय. खेळता खेळता ‘जी’ दाबून बघ, खालचा २००० सालचा चेहरा लगेच दिसेल. आणि चेहऱ्याखाली जे हृदय आहे ते अजूनही सेकंदाला २५ ठोक्यांनीच चालतं. वर चित्र कितीही गुळगुळीत दिसो, आतला हिशेब २५ फ्रेमचा. तुझ्या सॉर्सरेसला एक मंत्र टाकायला १३ फ्रेम लागतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त. अंगठीवर, पट्ट्यावर जे ‘फास्टर कास्ट रेट’ लिहिलेलं दिसतं, ते जमवत गेलास की हा आकडा घटतो, पण सरळ रेषेत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी. ९ टक्क्यांना १२ फ्रेम, २० ला ११, ३७ ला १०, ६३ ला ९, १०५ ला ८. आता गंमत बघ. ३७ टक्केवाली आणि ६२ टक्केवाली सॉर्सरेस यांच्या वेगात काडीचा फरक नाही. मधले पंचवीस टक्के पाण्यात. आणि ६२ वर एक टक्का मिळवून देणारी एखादी टुकार वस्तू हाती लागली तर तीच सोन्याची. गेम हे कुठेही सांगत नाही. आम्हाला हे कळलं ते कोणीतरी इंटरनेटवरून छापून आणलेल्या, घामाने मऊ पडलेल्या एका कागदावरून. तो कागद काउंटरच्या काचेखाली ठेवलेला असायचा आणि पोरं टायमर चालू करण्याआधी तो वाचायची, कारण वाचायला पैसे पडत नसत.

हे मुद्दाम आधी सांगितलं, कारण ‘२’ची मजा कुठे आहे याचा पत्ता इथे लागतो. ती बऱ्याच अंशी मारामारीत नाहीच.

मारामारीत ‘३’ चांगला आहे. हे वाक्य माझ्या पिढीच्या माणसासमोर बोललास तर भांडण होईल, पण खरं तेच आहे. ‘२’मध्ये तुझी तलवार राक्षसाच्या पोटातून आरपार गेलेली डोळ्यांना दिसते आणि तरी त्याला काही होत नाही, कारण आत फासा पडलेला असतो. तुझं ‘अटॅक रेटिंग’ आणि त्याचं ‘डिफेन्स’ यांच्यात झालेल्या हिशेबात तुझा वार चुकलेला असतो. ‘३’ने तो फासाच काढून टाकला, मारलं की लागतंच. मेलेली भुतं भिंतीवर जाऊन आदळतात, कमान कोसळते, आवाजाला वजन आहे. ‘२’मध्ये सातही वर्गांना (म्हणजे पात्रांच्या प्रकारांना) ‘माना’चा, म्हणजे जादूच्या ताकदीचा, एकच निळा गोळा, ‘३’मध्ये प्रत्येकाची वेगळी शिदोरी. बार्बेरियनचा ‘फ्युरी’ मारल्यानेच वाढतो आणि थांबलास की उतरतो, त्यामुळे तो खेळताना तू आपोआप बार्बेरियनसारखा वागायला लागतोस. हे फार हुशारीचं काम आहे.

त्याहून हुशारीचं काम म्हणजे ते लाल आरोग्याचे गोळे. ‘२’मध्ये पट्ट्यात बाटल्या भरलेल्या असल्या की माणूस जवळजवळ अमर. एकामागून एक प्यायच्या. मग डिझाइनरने तुला मारायचं कसं? एकाच तडाख्यात. मधलं काही नाही, एक तर तू मजेत असतोस किंवा आडवा पडलेला असतोस. ‘३’ने बाटली एकच ठेवली, तीही अर्ध्या मिनिटाने एकदा, आणि जीव परत मिळवायचा असेल तर मेलेल्या राक्षसातून पडलेला गोळा उचलायला लावला. म्हणजे जखमी झालास की मागे पळायचं नाही, पुढे घुसायचं. मी स्वतः दोन गेममध्ये ही कल्पना ढापलीय.

मग हाताला इतका गोड लागणारा गेम सोडून लोक मागच्याकडे का परततात?

एक कारण तुझ्या सॉर्सरेसच्या स्किलच्या पानावर आहे. परवा तू दाखवलंस ते. अठराव्या पातळीला पोचलायस आणि आगीत चार, बर्फात पाच, विजेत चार, राहिलेले शिल्लक. ‘३’ची सवय. तिथे प्रत्येक स्किलला पाच रून, म्हणजे त्याच स्किलचे पाच प्रकार, हवं तेव्हा हवं ते बदल, सकाळी बर्फाचा विझार्ड, दुपारी विजेचा. पातळी वाढली की ताकद, बुद्धी वगैरे गेम आपली आपणच वाटून देतो. कोणाचंही काही बिघडत नाही. डिझाइनर म्हणून मला ते आवडतं. पण त्याची किंमत अशी की सत्तराव्या पातळीचे दोन विझार्ड म्हणजे एकच माणूस, फक्त कपडे वेगळे.

‘२’मध्ये प्रत्येक पातळीला एक स्किल पॉइंट आणि पाच स्टॅट पॉइंट मिळतात आणि लावलेला पॉइंट लागला तो लागला. २०१० पर्यंत तो परत घ्यायची सोयच नव्हती. आमच्याकडे एक पोरगा यायचा, त्याने सत्तर पातळ्या सॉर्सरेसचा प्रत्येक पॉइंट ‘एनर्जी’त घातला. जादूगार आहे तर जादू वाढव, सरळ विचार. नाइटमेअर या दुसऱ्या काठिण्यपातळीत तिला एखाद्या बाणाने धक्का लागला तरी ती मरायची. जेव्हा त्याला कळलं की व्हायटॅलिटीत घालायला हवे होते, तेव्हा तो काही बोलला नाही. उठला, खाली जाऊन वडापाव खाऊन आला आणि नवीन सॉर्सरेस सुरू केली. याला मी चांगलं डिझाइन म्हणणार नाही. पण त्या दुसऱ्या सॉर्सरेसचा एकूण एक पॉइंट तो तुला तोंडपाठ सांगू शकला असता.

आता लुटीबद्दल, कारण खरं अंतर इथेच आहे.

‘३’मध्ये चौघं मिळून खेळलात तरी प्रत्येकाला आपापली लूट वेगळी पडते. तुझं तुला दिसतं, माझं मला. ‘२’मध्ये आठ जण खेळायचे आणि जमिनीवर पडलेली वस्तू सगळ्यांची, म्हणजे ज्याचा क्लिक आधी त्याची. चर्चगेटला रिकामी विरार फास्ट शिरताना फलाटावर जे होतं, तेच. गाडी थांबायच्या आधीच अर्धी भरलेली. नाइटमेअरचा मेफिस्टो, तिसऱ्या ॲक्टचा बडा राक्षस, मरतोय, आठही जणांचे हात माउसवर, आणि अंगठी पडल्यावर येणारा तो बारीकसा आवाज. एकदा त्यातून ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ निघाली. उचलली त्याने, ज्याचा माउस ऑप्टिकल होता. बाकीचे सगळे गोळीवाले माउस होते. दुसऱ्या दिवसापासून त्या मशिनसाठी रांग लागायला लागली आणि मालकाने तासाला पाच रुपये वाढवून घेतले.

ती अंगठी तेव्हा एवढी मोलाची का होती, हे समजून घे. गेममध्ये सोन्याची नाणी होतीच. पण मेलास की त्यातली काही जातात, आणि अंगावर बाळगायलाही मर्यादा, पातळीगुणिले दहा हजार. शिवाय ज्याला हवंय ते सोन्याने विकत मिळत नसे. मग लोकांनी स्वतःच चलन शोधलं. ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ पिशवीत एकच घर अडवते, सगळ्या स्किल एकाने वाढवते, त्यामुळे कुठल्याही जादूवाल्याला ती हवीच असते, आणि पडते क्वचित. लहान, टिकाऊ, सगळ्यांना हवी असलेली आणि सहज न मिळणारी वस्तू. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात पैशाची व्याख्या असते ती हीच. कोणत्याही डिझाइनरने ती ठरवलेली नव्हती, बाजाराने ठरवली. अधिकृत सर्व्हरवर मोठमोठ्या वस्तूंचे भाव इतक्या-तितक्या जॉर्डनमध्ये सांगितले जायचे.

आणि बाजार आला की खोट्या नोटा आल्या. लोकांनी वस्तूंच्या नकला करायचे मार्ग शोधले, आणि जॉर्डन हजारोंनी फिरायला लागल्या. २००३ च्या १.१० पॅचमध्ये (गेमच्या सुधारित आवृत्तीत) ब्लिझर्डने काय केलं बघ. जॉर्डन गावातल्या दुकानदाराला विकल्या आणि पुरेशा विकल्या गेल्या, तर त्या सर्व्हरवर एक महाभयंकर डायब्लो अवतरतो आणि त्याला मारलं की एक असा ताईत मिळतो जो दुसरीकडे कुठेच मिळत नाही. लोक भराभर अंगठ्या विकायला लागले. चलनातल्या नोटा बाजारातून ओढून घ्यायची ती युक्ती होती, वर राक्षसाचा मुखवटा चढवलेला. माझ्या धंद्यात आम्ही याला ‘सिंक’ म्हणतो. यापेक्षा देखणा सिंक मी अजून पाहिलेला नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या कॅफेत इंटरनेटवर खेळणं परवडत नसे, आम्ही आपसात लॅनवर, म्हणजे कॅफेतलीच मशिनं एकमेकांना जोडून, खेळायचो. तिथे कॅरेक्टर मशिनच्याच हार्ड डिस्कवर राहायचं. एक दिवस एक जण फ्लॉपीवर ‘हिरो एडिटर’ घेऊन आला. त्यात हवी ती वस्तू टाइप करायची, कॅरेक्टरमध्ये घालायची, झालं. पहिल्या दिवशी तो राजा. तिसऱ्या दिवशी सगळ्यांकडे सगळं. आठवड्याने आठपैकी पाच मशिनांवर ‘काउंटर-स्ट्राइक’ चालू होता. ज्या अंगठीवरून पोरांनी एकमेकांशी अबोला धरला होता, ती फुकट वाटली तरी कोणी घेईना. दसऱ्याच्या सकाळी दादरच्या फूलबाजारात झेंडूला जो भाव असतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच झेंडूचं रस्त्यावर जे होतं, तसं. मग मी काउंटरवरून फतवा काढला: सगळी कॅरेक्टर पुसायची, पहिल्यापासून सुरू, आणि फ्लॉपी ड्राइव्हची केबल काढून ठेवली. पंधरा दिवसांत पोरं परत आली. पुढे अधिकृत सर्व्हरवर ‘लॅडर’ आणि ‘३’मध्ये ‘सीझन’ म्हणून जे आलं, ठरावीक काळाने सगळ्यांनी शून्यापासून सुरुवात करायची, त्याचीच ही आमची गावठी आवृत्ती. केबल काढण्याचा भाग सोडून.

आता ‘३’ला हाच बाजार अधिकृत करावासा वाटला. विचार वाईट नव्हता. नाहीतरी लोक बाहेरच्या वेबसाइटवर पैसे देऊन वस्तू घेतच होते आणि फसतही होते, मग आपणच सुरक्षित बाजार का चालवू नये? १५ मे २०१२ ला गेम आला, पहिल्याच दिवसात ३५ लाखांहून जास्त प्रती खपल्या, सर्व्हर कोलमडले, गेममध्ये शिरताना येणारा ‘एरर ३७’ हा संदेश जगभरचा विनोद झाला. पुढच्याच महिन्यात खऱ्या पैशांचं लिलावघर उघडलं.

आणि तिथे गणित फसलं. विचार कर. कॅफेत आठ जण होते तेव्हा माझ्याकडे पडलेली चांगली वस्तू ही सात लोकांसाठी बातमी होती. लाखो लोकांची लूट एकाच यादीत, शोधून, भावाप्रमाणे लावून समोर आली, की तुझ्या अंगावर आहे त्यापेक्षा बरी वस्तू त्या यादीत कायमच असते, आणि ती तुला पडण्याची वाट बघण्यापेक्षा नेहमीच स्वस्त असते. म्हणजे तुझ्यासमोर राक्षसातून जे पडतं ते जवळजवळ नेहमीच कचरा ठरतं. त्यात सुरुवातीला ‘इन्फर्नो’ ही शेवटची काठिण्यपातळी अशी होती की सर्वात वरच्या वस्तू तिच्या शेवटच्या ॲक्टांत पडायच्या आणि त्या अंगावर असल्याशिवाय तिथे उभं राहता येत नसे. उरलेला रस्ता एकच, लिलावघर. लोक राक्षस मारायचे सोडून याद्या चाळायला लागले. मी स्वतः एका रविवारी चार तास ‘डायब्लो ३’ खेळलो आणि उठताना लक्षात आलं की एकही राक्षस मारलेला नाही.

त्यांनी चूक कबूल केली याचं मला आजही कौतुक आहे. १८ मार्च २०१४ ला लिलावघर बंद झालं. त्याच्या तीन आठवडे आधी लुटीची नवी व्यवस्था आली, पाठोपाठ ‘रीपर ऑफ सोल्स’ आलं. तू खेळलास तो हाच, नंतरचा ‘३’. यात पडणारी वस्तू तुझ्या वर्गाकडे बघून पडते, विझार्डला विझार्डचंच. आणि चांगली वस्तू खात्याला बांधलेली, फार तर ती पडली तेव्हा सोबत असलेल्यांना दोन तासांच्या आत देता येते, नंतर कोणालाच नाही.

खेळायला हे सुखाचं आहे यात वादच नाही. पण तुला पडलेल्या वस्तूची किंमत आता फक्त तुलाच आहे. उद्या एखादी अप्रतिम वस्तू पडली आणि तुझ्याकडे आहे त्यापेक्षा ती दोन टक्के कमी असेल, तर तू ती तिथेच मोडून भंगार करतोस. ‘२’मध्ये नेक्रोमॅन्सर घेऊन खेळताना पॅलाडिनची ढाल पडली तर छातीत धडधड व्हायची, कारण पॅलाडिनवाला कोण आहे आणि त्याच्याकडे बदल्यात काय आहे हे माहीत असायचं. स्वतःला निरुपयोगी वस्तू बघून आनंद होणं, हा आनंद ‘३’ला देताच येत नाही. शिवाय त्या हिरव्या सेटच्या वस्तू. सहा तुकडे जमले की मारा हजारो टक्क्यांनी वाढतो. मग बाकी निवड उरतेच कुठे? सेट सांगेल ती स्किल वापरायची.

म्हणून मी म्हणालो, आम्ही चुकीचे गोडवे गातो. ‘२ काळोखा होता, ३ कार्टूनसारखा’ हे मला कधी पटलं नाही. २००८ मध्ये ‘३’ची पहिली झलक दाखवली तेव्हाही रंगांवरून ओरड झाली होती, लोकांनी चक्क सह्यांची मोहीम काढली. बनवणाऱ्यांनी उत्तर म्हणून गेममध्ये ‘विम्सीशायर’ नावाची गुप्त पातळी घातली, इंद्रधनुष्यं, हसरे ढग आणि खुनशी घोडुली. अशा विनोदबुद्धीच्या लोकांवर मला रागावता येत नाही. ‘२ अवघड होता’ हेही अर्धसत्य. तो अवघड कमी आणि कटकटीचा जास्त होता. दम लागून चालणारी नायिका, ओळख पटवायला वेगळी गुंडाळी, घरी परतायला वेगळी, चाळीस घरांची पिशवी आणि तीही ताईतांनी भरलेली. हेल या शेवटच्या काठिण्यपातळीत तुझ्या एकुलत्या एका मंत्राला दाद न देणारे राक्षस. आणि तिसऱ्या ॲक्टमधलं कुरास्टचं जंगल तर जुलैमधल्या मातीच्या रस्त्यासारखं. एकच वळण पाच वेळा घेतल्यावर कळतं की आपण इथूनच आलो होतो.

कथेचं म्हणशील तर दोन्हीकडे फारसं बोलण्यासारखं नाही, ‘३’मधला खलनायक दर पंधरा मिनिटांनी हवेत प्रकट होऊन आपले बेत सांगत बसतो, तेवढं सोडलं तर. संगीतात मात्र मॅट उल्मनच्या ‘२’ला तोड नाही, हेडफोन लावून खेळ.

हो, आणि संगणकावरचा ‘३’ नेट गेलं की बंद. गेल्या जुलैत डोंबिवलीत तीन दिवस तुझं नेट नव्हतं तेव्हा तू मोबाइलवर लुडो खेळत होतास, आठवतंय? ‘रिझरेक्टेड’मध्ये ऑफलाइन कॅरेक्टर करता येतं. आमच्यासारखं लॅनवर मात्र नाही, ती सोय त्यांनी काढून टाकली. आणि ती नाही म्हणजे आमचे निम्मे गोडवे तुला लागूच होत नाहीत. आठ पोरं एका खोलीत, कोणाच्या तरी डब्यातला चिवडा, आणि एकाच अंगठीवर आठांचा डोळा, यात काय वाटायचं ते तुला रात्री साडेअकराला घरी एकट्याने खेळून कसं वाटेल? हे स्मरणरंजन आहे, मान्य.

पण आतला तो पायऱ्यांचा हिशेब अजून जागेवर आहे, आणि तो एकट्यालाही पुरतो. तुझा स्वभाव मला माहीत आहे, बग सापडला की तू घरी जायचं विसरतोस. तुला तो आवडेल. फक्त आत्ताची सॉर्सरेस तशीच पुढे रेटू नकोस.

पहिल्या ॲक्टच्या गावातल्या अकाराकडे परत जा. ‘डेन ऑफ ईव्हिल’ ही गुहा साफ केल्याबद्दल ती प्रत्येक काठिण्यपातळीत एकदा सगळे पॉइंट फुकट परत देते. आग घेणार असशील तर मन घट्ट करून फायर बोल्ट आणि फायर बॉल या दोन्हींतच पॉइंट ओत. बोल्टमधला प्रत्येक पॉइंट बॉलचा मारा १४ टक्क्यांनी वाढवतो, त्यामुळे ते वाया जात नाहीत. एनर्जीत एकही पॉइंट घालू नकोस, त्या वडापाववाल्याची आठवण ठेव. ‘टाल’ आणि ‘एथ’ हे दोन रून (‘२’मध्ये रून म्हणजे चिलखताच्या भोकात बसवायचे दगड) तुला आत्तापर्यंत पडले असतील किंवा पडतीलच. जादू नसलेलं, दोन भोकांचं साधं चिलखत शोध आणि आधी टाल, मग एथ, याच क्रमाने बसव. क्रम उलटा झाला तर काहीच होत नाही आणि दोन्ही रून अडकतात. बरोबर बसले तर ‘स्टेल्थ’ तयार होतं. त्यात २५ टक्के कास्ट रेट आहे, म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या एका चिलखतात. चालण्याचा वेगही वाढतो, अर्ध्या जांभया तिथेच थांबतील.

पहिल्या ॲक्टमधली धनुष्यवाली सोबतीण सोड आणि लूट घोलेनमधल्या ग्राइझकडून भालेवाला भाड्याने घे. तो पुढे उभा राहील, तू मागून फेक. ऑफलाइन खेळत असशील तर चॅटमध्ये स्लॅश देऊन ‘प्लेयर्स ३’ टाइप कर. तिघं खेळतायत असं समजून राक्षस दणकट होतात, अनुभव आणि लूटही वाढते. मुंग्या मारतोय असं वाटणं कमी होईल.

आणि ड्युरिएल, दुसऱ्या ॲक्टचा शेवटचा राक्षस. सात थडग्यांपैकी खरं कुठलं हे क्वेस्टच्या पानावरच्या चिन्हावरून कळतं, बाकीच्या सहांत फिरत बसू नकोस. आमच्या ६४ एमबीच्या मशिनांवर त्याची खोली लोड होईपर्यंत माणूस मेलेला असायचा. पडदा उजळायचा तो थेट प्रेतावर. तुझ्या लॅपटॉपवर तेवढं होणार नाही, पण खोली लहान आहे, तो धावून येतो आणि त्याच्या थंडीने पाय जड होतात. आत जाण्याआधी बाहेरच टाउन पोर्टल उघडून ठेव. गावातून ‘थॉइंग पोशन’, म्हणजे थंडीवरच्या बाटल्या, पाच-सहा घे आणि सगळ्या एकदम पिऊन टाक. प्रत्येकीचा असर तीस सेकंद, आणि वेळ एकावर एक चढत जातो. भालेवाल्यालाही दोन पाज. मेलास तर सामान आतच पडून राहील. घाबरू नकोस, पट्टा भर, नागडाच परत जा, आधी स्वतःच्या प्रेतावर क्लिक कर, मग ड्युरिएलवर.